अण्णांचा विराम

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच हकीकतीला हात घालण्याआधी ते तसं बजावून टाकतात. "आधी ऐका, मग मला वेड्यात काढा," म्हणायचं आणि खुर्ची पुढे ओढायची. पाणीपुरवठा कार्यालयात भांडारपाल असलेल्या माणसाच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार घडत नाही. व्हॉल्व्ह आले, व्हॉल्व्ह गेले, संपलं. त्यामुळे एकदाचं घडलं म्हटल्यावर भाऊंनी ते कार्यालयात सांगितलं, जिन्यात सांगितलं, तोंडाला साबण लागलेला असताना न्हाव्यालाही सांगितलं. आणि अण्णा इस्पितळातून घरी आल्यावर त्यांना बघायला जी माणसं लोटली, त्यांना तर साग्रसंगीत सांगितलं. अण्णा तिथेच खुर्चीत बसून चहा पीत होते. आपल्याच वडिलांची गोष्ट त्यांच्याच समोर सांगायला एरवी माणूस बिचकतो. पण भाऊंना फिकीर नव्हती. अण्णा मधे बोलणाऱ्यांतले नव्हतेच.

कारण अण्णांचा सारा जन्म गेला नाटकाच्या विंगेत. ते प्रॉम्प्टर. मांडीवर संहिता, बाजूला मिणमिणता दिवा, आणि रंगमंचावर कुणाची जीभ अडखळली की पुढचा शब्द असा सोडायचा की तो नटाला पोचावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पोचू नये. भाऊंच्या मते अण्णांनी दिलेला शब्द नटाच्या कानात जातच नसे, थेट जिभेवर उतरे. एक थोर नट तर म्हणे मधल्या अंकात चक्क झोपी गेला, आणि अण्णांनी त्याच्याकडून झोपेतल्या झोपेत सबंध प्रवेश म्हणवून घेतला. टाळ्यांच्या आवाजाने त्याला जाग आली. हे सांगताना भाऊंची छाती अशी फुगते की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

तर सुरुवात झाली चहाच्या कपापासून. अण्णांनी सकाळी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबले. डोळे उघडे, कप अधांतरी. घरात कुणाला काही वाटलं नाही, कारण न बोलता नुसतं थांबणं ही त्या घरात तक्रार करण्याची अण्णांची पद्धत होती. भाऊंच्या बायकोने ओळखलं की साखर कमी पडली. तिने चमचाभर घातली. कप हलेना. तिने आणखी एक चमचा घातला. शेजारच्या घरातला कुकर शिट्ट्या देऊन थंड झाला, त्यांची माणसं जेवून हात धुवून कामाला गेली, आणि मग अण्णांनी पापणी हलवली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "एवढा गोड का?"

शेजाऱ्यांच्या जेवणाचं भाऊंनी जरा वाढवून सांगितलं असेल. पण कप थांबला होता हे खरं, आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा थांबला हेही खरं. तेव्हा भाऊ अण्णांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि त्यांनी आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या छातीला वायरी चिकटवल्या, कागदाची लांबलचक पट्टी काढली आणि म्हणाल्या की ठोक्यांमधे अंतर पडतंय; हृदय चालता चालता मधेच थांबतं. भाऊंनी आपल्या खात्याच्या भाषेत विचारलं, पंप कसा आहे? बाई म्हणाल्या, पंप उत्तम आहे, पण स्टार्टर दगा देतोय. यातला पहिला अर्धा भाग भाऊंना इतका आवडला की पुढचे काही दिवस ते भेटेल त्याला सांगत सुटले, या वयातही अण्णांचा पंप उत्तम. दुसऱ्या अर्ध्या भागाची त्यांच्या बायकोला आठवण करून द्यावी लागली. बाईंनी पेसमेकर बसवायला सांगितला होता. छोटं यंत्र, गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत; हृदय थांबलं की त्याला ढोसणारं.

अण्णा नको म्हणाले.

का नको, असं बाईंनी विचारलं. घाबरलेले म्हातारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, त्यांना समजवायची वाक्यं त्यांना पाठ होती. पण अण्णा घाबरलेले नव्हते, ते दुखावलेले होते.

"माझं हृदय विसरत नाही," अण्णा म्हणाले. "ते विराम घेतं."

इथे अण्णांच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शब्द देणं सोपं असतं. कठीण असतं न देणं. नट थांबतो तेव्हा एक तर तो विसरलेला असतो, नाही तर त्याने मुद्दाम विराम घेतलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. पक्का प्रॉम्प्टर नटाची मान बघतो, बोटं बघतो, श्वास कुठे अडकलाय ते बघतो आणि मग ठरवतो. कच्चा असतो तो घाईने बोलून मोकळा होतो. नायिकेच्या डोळ्यांत पाणी तरळलंय, अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलंय, आणि विंगेतून कुजबुज येते, "हाय रे माझ्या दैवा." की गेलाच प्रवेश कामातून. अण्णांच्या हाताखाली असा एक उतावळा होता. अण्णांनी त्याला उचलून तिकिटाच्या खिडकीत बसवला. तिथे माणूस थांबला की बोलायचंच असतं.

"आणि तसल्याला मी छातीत जागा देऊ?" अण्णांनी विचारलं.

बाईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी पंख्याकडे पाहिलं.

शेवटी मधला मार्ग निघाला. दिवसभर आणि रात्रभर छातीला एक यंत्र बांधून ठेवायचं, ते ठोके टिपत राहील, मग बघू. मोजमाप म्हटल्यावर भाऊ खूष झाले. पण अण्णांनी मोजमापाचाच प्रयोग करून टाकला. आपल्याला कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. दुपारी कॉटवर आडवं होऊन त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात एक तीन अंकी नाटक सुरुवातीपासून अखेरपर्यंत म्हटलं, सगळ्यांच्या भूमिकांसकट. दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टीवर बोट ठेवून विचारलं की इथे मोठी गॅप आहे, यावेळी काय करत होता? अण्णांनी खाली छापलेली वेळ पाहून हिशेब केला.

"दुसऱ्या अंकाचा शेवट. मुलगा घर सोडून निघतो. तिथे सगळेच थांबतात."

"आणि इथे?"

"इथे पडदा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. भाऊंना त्यांनी बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की पुढचा पडदा वर जाईलच, असं त्या सांगू शकत नाहीत. हकीकतीचा एवढा भाग भाऊ घाईने सांगतात आणि पुढे सरकतात.

पुढे इमारत होती. सगळ्या मजल्यांना मिळून एकच जिना असला की एकाच्या छातीतली गोष्ट सगळ्यांच्या जिव्हाळ्याची होते. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात, आणि त्यांना तो सन्मान वाटतो. ते त्याच दिवशी खाली उतरून आले. त्यांच्या मेव्हण्याच्या भागीदाराला पेसमेकर होता, आणि घरात कुणी मिक्सर लावला की तो भला माणूस उलट्या पावलांनी चालू लागायचा. त्यांनी उपाय सुचवला, डाव्या कुशीवर झोपायचं. समोरच्या दारातल्या मावशी म्हणाल्या, छे छे, उजव्या. अण्णा ते सगळे दिवस पाठीला उशी लावून बसल्या बसल्या झोपले. खालच्या मजल्यावरचा फोटोग्राफर फ्लॅश मारायला घाबरू लागला आणि अण्णा दिसले की कॅमेऱ्यावर रुमाल टाकू लागला. सोसायटीच्या बैठकीत तर हा विषय नळगळतीच्या आधी घेतला गेला. अण्णांचं यंत्र लिफ्टमधे अडकलं तर आधी कुणाला सोडवायचं, आणि त्याच्या विजेचा भार सामाईक मीटरवर पडणार का, अशी चर्चा झाली. भाऊंनी उभं राहून सांगितलं की त्यात स्वतःची बॅटरी असते. यावर मागून कुणीतरी विचारलं की मग लिफ्ट बंद पडल्यावर तेवढ्यापुरती ती वापरता येईल का. भाऊ खाली बसले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, इतका त्यांचा अपमान झाला होता.

पण खरा अपमान घरच्या गोठ्यातच वाट बघत होता. म्हणजे कार्यालयात.

कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांच्या उपचारांचा खर्च कार्यालय देतं, पण त्यासाठी आधी मंजुरी लागते. मंजुरीच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं की वडील तुमच्यावर अवलंबून आहेत ना, तसं त्यांच्याकडून लिहून आणा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अवलंबून? मी? अरे, राजे माझ्यावर अवलंबून होते. सेनापती होते. एक तर साक्षात देव होता, त्याला वर देतानाची वाक्यं आठवायची नाहीत." भाऊंनी कसंबसं समजावलं. अण्णांनी शेवटी लिहून दिलं, पण 'परस्परांवर अवलंबून' असं. भाऊंच्या मते अख्ख्या खात्यात इतकं खरं वाक्य आजवर कुणी लिहून दिलेलं नाही.

मग मंजुरीच्या बाईंनी नियम काढला. यंत्र बॅटरीवर चालणारं आहे, म्हणजे ते उपकरण. उपकरण आलं की ते भांडार विभागाच्या अखत्यारीत. आणि भांडाराचा नियम असा की जुनं उपकरण जमा केल्याशिवाय नवं मिळणार नाही.

हा नियम कुणी केला होता? भाऊंनी. नळदुरुस्तीवाले जुन्या तोट्या परस्पर विकायचे, म्हणून काही वर्षांपूर्वी भाऊंनी स्वतः तो लिहिला होता आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती. भाऊंना आपल्या नियमाचा इतका अभिमान की त्याला अपवाद नको म्हणून त्यांनी एकदा खुद्द साहेबांनाही नवा फ्लश दिला नव्हता. आता तोच नियम मांजरासारखा फिरून त्यांच्याच पायात आला. अर्ज भाऊंच्या टेबलावर आला. भांडारपाल या नात्याने त्यांनी अर्जदाराला, म्हणजे स्वतःला, विचारणा केली की जुने उपकरण केव्हा जमा करता. अर्जदार या नात्याने त्यांनी उत्तर दिलं की जुने उपकरण काढल्यास लाभार्थी उरत नाही. भांडारपालाने शेरा मारला, खुलासा समाधानकारक नाही. शेजारच्या टेबलावरचे कारकून सांगतात की भाऊ त्या दिवसांत स्वतःशी फटकून वागत होते आणि जेवायच्या सुट्टीत डबासुद्धा स्वतःकडे पाठ करून खात होते.

त्यातून भाऊ सुटले ते आपल्या लेखणीच्या जोरावर. एका सकाळी त्यांना वाक्य सुचलं: 'जुने उपकरण उत्तम स्थितीत व जागेवरच कार्यरत असून, नवे उपकरण केवळ त्याच्या सोबतीस बसवावयाचे आहे.' मंजुरी आली. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं म्हणे. भाऊंच्या सांगण्यात ते चारदा होतं, आणि शेवटच्या वेळी साहेबांचा कंठ दाटून येतो.

आता अडचण एकच उरली होती, आणि ती पहिल्यापासून होती तिथेच खुर्चीत बसून चहा पीत होती. अण्णा नकोच म्हणत होते.

भाऊंनी आत्याला बोलावलं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण; अण्णांना अजून 'ए' म्हणून हाक मारणारं जगात उरलेलं एकमेव माणूस. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि भाऊंनाच झापलं. "तो हटवादी आहे हे मला त्याच्या बारशापासून माहीत आहे. तू त्याचा मुलगा ना? मग तू काय ठरवलंयस ते सांग." भाऊंनी काहीच ठरवलेलं नव्हतं. वरिष्ठांच्या सहीशिवाय त्यांनी जन्मात काही ठरवलेलं नव्हतं, आणि घरातले वरिष्ठ तर खुर्चीत बसलेले. जबरदस्तीने यंत्र बसवलं आणि अण्णा मनातून मोडले तर? नाही बसवलं आणि एखादा विराम संपलाच नाही तर? भाऊ ऑफिसला जाताना दारातून परत फिरून अण्णांचा श्वास बघू लागले. अण्णा डोळे न उघडता म्हणत, "चालू आहे. जा तू."

आणि मग ती सकाळ आली. अण्णा आंघोळीला गेले होते. आत पाण्याचा आवाज होता, तो थांबला. भाऊंनी हाक मारली. उत्तर नाही. विराम असेल, असं म्हणून भाऊ थांबले. पुन्हा हाक मारली. मग दारावर थाप. मग दोन्ही मुठी. इथे भाऊ सांगतात की त्यांनी चार पावलं मागे येऊन एका खांद्यात दार बिजागऱ्यांसकट उखडलं. सुतार नंतर म्हणाला की कडी आधीच खिळखिळी होती, पण सुतार काही तिथे नव्हता. अण्णा स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते, हातात साबण, कपाळावर टेंगूळ. डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हतं. मग हळूहळू कुणीतरी परत आलं आणि म्हणालं, "दार वाजवायची पद्धत असते."

भाऊंनी त्यांना टॉवेलात गुंडाळून उचललं आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून खाली आणलं. हे मात्र सगळ्या इमारतीने पाहिलं. सर्वज्ञांनी प्रथमच काही न सुचवता टॅक्सीचं दार उघडून धरलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज. उद्या नाही. अण्णा पांढऱ्या चादरीवर पडून छताकडे बघत होते. कॉटच्या एका बाजूला आत्या, पायाशी भाऊंची बायको, दाराशी नर्स. बाई या वेळी पाठ केलेली वाक्यं बोलल्या नाहीत. अण्णांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्यांनी दिलं.

"माझ्या विरामात तोंड घालेल?"

"नाही. तुमचं हृदय आपलं आपण चाललंय तोवर ते गप्प बसतं. फारच वेळ गेला तरच एक हलका धक्का देतं."

"तोवर काय करतं?"

"ऐकतं. सारखं ऐकत असतं."

"बाहेर कुणाला कळतं?"

"कुणालाच नाही."

अण्णांनी गळ्याजवळच्या हाडाखाली बोट टेकवून पाहिलं. "मग माणूस बरा दिसतो," असं पुटपुटले. पण हो म्हणाले नाहीत. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची वाक्यं सांभाळली, त्याला स्वतःला कुणाकडून एकदाही शब्द घ्यावा लागलेला नव्हता. त्याची सगळी ऐट त्यातच होती. ती अशी एका दुपारी उतरवून ठेवायची? त्यांनी मान वळवली आणि भाऊंकडे पाहिलं.

"तू सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

हकीकत इथपर्यंत आली तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या पाहुण्यांचे कप थंड झाले होते. भाऊ खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, कारण पुढचं बसून सांगण्यासारखं नव्हतंच. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत याची खात्री करून त्यांनी आवाज खाली आणला. ते म्हणाले की त्या क्षणी मनात तिळमात्र शंका नव्हती. पाय रोवून ते कॉटशी उभे राहिले, अण्णांचा हात हातात घेतला, आणि न अडखळता, एका दमात म्हणाले:

"अण्णा, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांसाठी विंगेत बसलात. आता कुणाला तरी तुमच्यासाठी बसू द्या."

समोरच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला. भाऊ सांगत होते की हे ऐकून डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या झाल्या, नर्स हुंदके देत बाहेर पळाली, शेजारच्या कॉटवरचा पेशंट सलाइनसकट उठून बसला आणि त्याने टाळ्या...

"खोटं," अण्णा म्हणाले.

सगळे वळले. अण्णांनी कप बशीत ठेवला.

"टाळ्या वगैरे असू देत, त्याचं मी काही म्हणत नाही. पण वाक्य याचं नाही. हा माझा हात धरून 'अण्णा' म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, विराम घेतलाय, चांगला घेतलाय. मी वाट पाहिली. मग बोटं बघितली याची. थरथरत होती. एवढी माणसं उभी, आणि माझा मुलगा मधेच अडकलेला." अण्णा भाऊंकडे बघत होते, आणि भाऊ जमिनीकडे. "तेव्हा पुढचं मी दिलं. त्याने ते उचललं मात्र झकास. दाराशी नर्स होती, तिलासुद्धा पत्ता लागला नाही."